मागची चाकं रुंद

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
इतिहासाने माणसावरचे पुष्कळ अन्याय नोंदवून ठेवले आहेत. ड्रायव्हरची सीट पुढे ओढून ठेवण्याचा अन्याय मात्र कुणी नोंदवलेला नाही. तो आज मी नोंदवतो. बायकोची उंची पाच फूट. तिच्याकडे गाडी शिकायला येणारे लोक त्याहून बुटके असावेत असा मला दाट संशय आहे. आत बसलो की गुडघा थेट स्टिअरिंगवर आपटतो. तक्रार केली. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची आहे, पाहुण्याने सीट सरकवून घ्यावी, असं उत्तर मिळालं.

काल सासऱ्यांच्या वाढदिवसाला साडू सगळ्यांदेखत म्हणाला की आमची गाडी शिकाऊंची आणि चालवणाराही त्यातलाच. सगळे हसले. बायको जरा जास्तच.

मी शांतपणे आव्हान दिलं. शहराबाहेरच्या बंद धावपट्टीवर मोटर क्लब रविवारी शर्यती लावतो. दोन गाड्या, सरळ रेषा, चारशे मीटर. तारीख सोळा. साडूची गाडी आणि आमची, कंपनी एक, मॉडेल एक, इंजिन एक. फरक फक्त मेंदूचा.

५ मार्च, बुधवार
पहाटे साडेपाचला उठून अभ्यास करायचं ठरवलं होतं. आठला उठलो. डोकं ताजं असलेलं बरं.

सव्वीस वर्षं विम्याचे दावे तपासतोय. लोकांनी आपटलेल्या गाड्या आणि त्याबद्दल लिहिलेल्या थापा, दोन्ही मी रोज वाचतो. गाडीतलं मला कळत नाही असं साडूने म्हणावं? तो टाइल्स विकतो.

ऑफिसात शर्यतींचे अकरा व्हिडिओ पाहिले. प्रत्येक गाडीला मागे ड्रमएवढी रुंद चाकं, पुढे सायकलची वाटावीत अशी. निष्कर्ष स्पष्ट आहे. सगळा खेळ मागच्या चाकांचा. इतकी साधी गोष्ट, पण बघायला नजर लागते.

बायकोने परवानगी दिली. सतरा तारखेला सकाळी तिच्या तीन शिकाऊंची ड्रायव्हिंग टेस्ट आहे, त्यातली एक नर्स. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं काम तिला मिळालंय, पण लायसन दाखवल्याशिवाय रुजू करून घेणार नाहीत. बायको म्हणाली, "सोमवारी आठला गाडी दारात हवी. चार चाकांवर."

चाकं चारच असतात. हे मला सांगायची गरज नव्हती.

८ मार्च, शनिवार
टायरवाल्याकडे गेलो. दुकान म्हणजे एक शटर, एक कॉम्प्रेसर आणि जन्मापासून न धुतलेला टॉवेल. त्याला एक व्हिडिओ दाखवून सांगितलं, मागे सर्वांत रुंद टायर, अलॉय रिमसकट. पुढे आहेत तेच राहू देत.

तो गाडीखाली वाकला, उठला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बघितलेल्या गाड्या मागून ढकलतात. तुमची पुढून ओढते."

मी त्याला विचारलं, शिक्षण किती. नववी, म्हणाला. विषय संपला.

तरी त्याची बडबड चालूच. म्हणे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. सुटताना गाडीचं वजन मागे सरकतं, पुढचं हलकं होतं, म्हणून चांगले मऊ टायर पुढे हवेत आणि मागे हलके, अरुंद, टणक. पुढचे तर शिकाऊंच्या ब्रेकने गुळगुळीत झालेत, निदान ते बदला. एवढं सगळं एका दमात. गिऱ्हाईक बघून भाषण लांबवणारे लोक मी ओळखतो.

जाताजाता कळलं की साडू काल इथे येऊन गेला आणि याचं ऐकून पुढे दोन मऊ टायर घालून गेला. बिचारा.

११ मार्च, मंगळवार
रुंद टायर बसले. मागून गाडी अशी दिसते की बघत राहावं. पुढून बघू नये.

मागची जुनी दोन चाकं टायरवाल्याला रिमसकट देऊन टाकली, तेवढीच किंमत कमी झाली. ती सांभाळून ठेवा, असं तो दोनदा म्हणाला. जुनं सांभाळत बसणाऱ्यांच्या घरात मी पुष्कळ राहिलो आहे. नको म्हटलं.

बायको गाडीभोवती एक चक्कर मारून आत गेली. भारावली असावी.

१४ मार्च, शुक्रवार
उरलेली सुधारणा. पुढच्या टायरमध्ये हवा ठासून भरली. चाक जितकं कडक तितकं कमी घासणार, हे तर्काने समजतं. मागच्यांना पकड मिळावी म्हणून डिकीत वाळूची दोन पोती.

छतावरचा ‘चालक शिकत आहे, अंतर ठेवा’ हा बोर्ड काढायला बायकोने ठाम नकार दिला. एकदा काढला तेव्हा स्क्रूच्या भोकांतून छत गळलं होतं म्हणे. राहू दे. साडूला अंतर ठेवावंच लागणार आहे.

व्यायाम उद्यापासून.

१६ मार्च, रविवार. दुपारी १.१५
धावपट्टीवर पंचवीस-तीस गाड्या. माणसं सगळी सारखीच, गॉगल लावून बॉनेटमध्ये डोकं घातलेली. सुटण्याआधी पुढच्या चाकांखाली पाणी ओतायचं आणि हँडब्रेक ओढून ती जागेवर गरागरा फिरवायची, टायर तापून चिकट व्हावेत म्हणून. अत्यंत हिडीस प्रकार. साडूनेही केला. मी केला नाही.

माइकवाल्याने आमच्या छतावरचा बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला. लोकांना काय, हसायला कारण हवं असतं. बायको घडीची खुर्ची घेऊन आली होती. तिने तोंडावर रुमाल धरला. धूळ असेल.

हिरवा दिवा लागला. मी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं फिरली, धूर झाला, आवाज तर विमानाचा. फक्त गाडी जागेवर होती. म्हणून आणखी दाबला. धूर वाढला. काही वेळाने गाडी निघाली, पण मनापासून नाही.

साडू एकोणीस सेकंद. मी एकतीस.

पट्टी माझ्या बाजूला निसरडी आहे. दुसऱ्या फेरीत दाखवतो.

संध्याकाळी ६
दुसऱ्या फेरीत उजवं पुढचं चाक फुटलं. डाव्याच्या तारा बाहेर आल्या. स्टेपनी घरीच होती, वजन कमी करायला काढलेली. गाडी ट्रकवर चढवून आणली. पोती मात्र सुरक्षित.

घरी येऊन रुंद चाकं पुढे लावून बघितली. बसतात. स्टिअरिंग वळवलं की मडगार्डला घासून अडकतात. म्हणजे गाडी आता फक्त सरळ जाते. टेस्टमध्ये वळणं आहेत आणि रिव्हर्स पार्किंग. टायरवाल्याला फोन केला. आमची जुनी चाकं त्याने गुरुवारी एका टेम्पोवाल्याला विकली. उद्या दुकान बंद.

साडूने स्वतःची गाडी देऊ केली. त्यात शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक नाही, टेस्टला चालत नाही. तरी देऊ केली. हा त्याचा स्वभावच आहे, समोरच्याला लाजवायचं.

बायकोने फोन उचलला. पलीकडच्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती, त्याला फोन लावला आणि उद्यासाठी गाडी मागितली. "हो, चूक आमचीच," असं म्हणाली. आमची.

१७ मार्च, सोमवार
दोघं पास. नर्स नापास. चढावर गाडी दोनदा बंद पडली.

तसं बघितलं तर बाकी दोघांनाही तीच परकी गाडी होती, ते पास झाले. म्हणजे कारण गाडी नव्हे. शिवाय नर्स आधीपासून घाबरट होती असं ऐकतो. असे मुद्दे मी दाव्यांच्या फाइलींत सव्वीस वर्षं वाचतोय. प्रत्येकावर लाल पेनाने ‘अमान्य’ लिहितो.

१८ मार्च, मंगळवार
टायरवाल्याने साधे चार टायर बसवले, मागचे रिमही शोधून आणले. रुंद अर्ध्या किमतीत परत घेतले. सांगितलं होतं, असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नर्स आली, पुढचा तास ठरवायला. बायको आत होती. मी धूर, पट्टी, टायरची क्वालिटी असं काहीबाही सुरू केलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जाऊ द्या काका, त्या क्लचची पायाला सवय नव्हती. तुमचं काही नाही त्यात." कामावर रुजू व्हायला तिने एक तारखेपर्यंत मुदत मागून घेतली आहे. फेरपरीक्षा चोवीसला. फीचं बघते, म्हणाली.

मला काका म्हणण्याइतकी ती लहान नाही.

१९ मार्च, बुधवार. दुपारी १२.१०
ऑफिसातून अर्धा तास सुटी घेतली. परवाना कार्यालय, खिडकी चार. रांगेत नऊ जण, सगळे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारे. नर्सच्या नावाने फेरपरीक्षेची फी भरली. कारकुनाने विचारलं, उमेदवाराचे तुम्ही कोण.

कुणी नाही, म्हटलं.

पावती बायकोच्या फाइलीत, नर्सच्या फॉर्मला टाचून ठेवली. सांगितलं कुणाला नाही.