क्लचचा पाय

सोमवार, ४
रोजनिशी एक तारखेपासूनच लिहिणार होतो. पेन सापडत नव्हतं. सापडलं तेव्हा मूड गेला. असो. कारखान्यातून नवेकोरे ट्रक शोरूमला पोचवायचे, हे काम आपल्याला फिट बसलंय. बसल्याबसल्या जग बघायचं. संकल्प: शुगरच्या गोळ्या वेळेवर. उद्यापासून. आज पाकीट बॅगेत पार तळाला गेलंय.

बुधवार, ६
दिवसभर ड्रायव्हिंग, मध्ये एकदाही उतरलो नाही. याला म्हणतात स्टॅमिना. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड झालीय. क्लचचा पाय ना. लोक यासाठी जिमला जातात.

शुक्रवार, ८
पोटरी लाल, गरम, ठणकतेय. मसल बनताना ठणकणारच. तेल लावून रगडली. घरमालकीण मावशींनी विचारलं, एकाच पायाचा पैलवान होणारेस का. जळतात. त्यांच्या समाधानासाठी डॉक्टरकडे गेलो. तिथे काचेच्या टाकीत एक मासा सारखा काचेवर आपटत होता. बिनडोक.
डॉक्टर म्हणाले, शुगर इतकी चढलेली असली की रक्त गोठायला टपलेलंच असतं, त्यात तू तासन्तास बसून. शिरेत गुठळी दिसतेय. सुटून फुफ्फुसात गेली तर खेळ खलास. पाय चोळू नकोस, आत्ताच मोठं हॉस्पिटल गाठ. हो म्हटलं. घाबरवणं हा त्यांचा धंदाच. उद्या जाईन.

शनिवार, ९
आज निळा ट्रक मिळाला. काय गाडी आहे! हॉस्पिटल राहिलं. ताईचा फोन. तब्येत कशी म्हणाली, तर पुरावा म्हणून दोन्ही पोटऱ्यांचा फोटोच पाठवला. डाव्या पायाचा अजून एक, जवळून मागितला. इम्प्रेस झाली असणार. मग पत्ता मागितला. खाऊ पाठवणार बहुतेक.

रविवार, १०
जिना चढताना धाप लागली. श्वास घेतला की बरगडीत टोचतंय. व्यायाम कमी पडतोय. संकल्प: रोज चालायचं. मावशी अँब्युलन्स बोलावते म्हणाल्या. नको म्हटलं, लोक बघतात.

दुपारी
व्यायामाला सुरुवात केली. पलंगापासून दारापर्यंत. दाराशी खाली बसलोय. अक्षर हलतंय, पेन स्वस्तातलं आहे.
खालून मावशी ओरडून सांगतायत, तुझे वडील आलेत. घर सोडल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. मी किती ठणठणीत आहे हे त्यांना उभं राहून दाखवायचं होतं. उठता येईना. गाडीचं इंजिन चालूच ठेवलंय त्यांनी, इथवर ऐकू येतंय. बाबा जिना चढतायत.