माझा 'बस' आणि लतीफभाईचा

केज, चैत्र वद्य पंचमी, संध्याकाळ

लतीफभाई गेला. आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव, माझा लहानपणापासूनचा सोबती. पुण्याला लेकाकडे, कायमचा. 'दुष्काळामुळे दूध संस्था बंद' ही बातमी वार्ताहर म्हणून मीच दुपारी पाठवली. त्यात त्याचं नाव नव्हतं. घालायला हवं होतं का?

स्टँडवरच्या बाकावर तो सारखा उठत होता. मी म्हणालो, "अजून जरा बस."

"बस झालं, पंडत. म्हशी छावणीला गेल्या, मापाला दूध न्हाई. तितं बसून काय माशा मोजू?"

मला तेवढ्यातही व्युत्पत्ती सुचली. संस्कृत शिकल्याचा रोग, दुसरं काय. म्हटलं, माझा 'बस' संस्कृत 'उपविश'वरून आलाय, म्हणजे जवळ बसणं. तुझा फारसीतला, म्हणजे पुरे.

तो हसला. फाटकातून वळणाऱ्या एसटीकडे बोट करून म्हणाला, "आन् ही?"

"ही लॅटिन 'ऑम्निबस'मधली. 'सगळ्यांसाठी' असा अर्थ."

"मग तू बी चल की बे."

मी त्याची पिशवी तेवढी वर दिली. गाडी गेल्यावर बराच वेळ बाकावर बसलो होतो, त्याची जागा सोडून.

घरी हिनं ताट वाढलं. म्हणाली, "बसा."

मी म्हटलं, "बस."

कुठल्या भाषेतलं, ते तिनं विचारलं नाही. ताट झाकून ठेवलं.