पेटीला लावलेला कान

२८ जानेवारी

काही नाही! कान लावून लावून गाल गारठला, पण आत काही म्हणजे काही नाही.

बाबा थंडीभर मधपेटीचं झाकण कधी उघडायचे नाहीत. उघडलं की आतली ऊब जाते. एकमेकींना बिलगून बसलेल्या माश्या गारठून मरतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी पेटीवर दोन टिचक्या मारायच्या आणि कान लावायचा. आतून 'हूंऽऽ' असा आवाज येतो. "विचारलं, आहात का? आहोत म्हणाल्या." एवढं सांगून बाबा चहाला आत यायचे. लहानपणी मीही ऐकलाय तो आवाज. अजून जसाच्या तसा आठवतो.

बाबा गेले ते पानगळीच्या सुरुवातीला. त्यांची पेटी आता आमच्या मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला आहे. त्यांचं म्हणून माझ्याकडे एवढंच आलं — आणि तेही मी एका हिवाळ्यात घालवलं की काय?

३० जानेवारी

बादलीतल्या पाण्यावर रोजच्यासारखा बर्फ. पण आज बोटानं दाबला तर फुटला! आठवड्यापूर्वी दगड घ्यावा लागत होता.

१ फेब्रुवारी

ऊन ओट्यावर आलं! थंडीभर ते खिडकीच्या चौकटीपाशीच घुटमळत होतं. आज चहा गाळताना बघते तर साखरेच्या डब्यावर ऊन. डबा उचलून गालाला लावला. कोमट होता. हे म्हणाले, "डब्याचा मुका घेतेस?" घेतला तर घेतला!

यांना पेटीबद्दल काही विचारण्यात अर्थ नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाबांच्या अंगणात एक माशी चावली, तोंडाचा भोपळा झाला. तेव्हापासून पेटीच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. कपडे वाळत घालायला गेले तरी भिंतीला घासून जातात. तेव्हा कान लावणं हे काम माझं एकटीचं.

आज पुन्हा लावला. काही नाही.

४ फेब्रुवारी

कारखान्यात गणवेशांची मोठी ऑर्डर आहे. मी खिसे लावते, शेजारच्या मशीनवर बटणांची काजं करणारी काजवाली. सगळ्या मशिनी चालू झाल्या की आम्ही हातवाऱ्यांनी बोलतो, नाहीतर ओरडून. इतकी वर्षं हेच. आज तिनं मला कोपरानं ढोसलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. कोपऱ्यावरचं झाड — नाव कुणालाच ठाऊक नाही त्याचं — लालसर दिसत होतं! पान एक नाही, पण सगळ्या फांद्यांच्या टोकांना लाली.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून खाली गेले. प्रत्येक टोकाला आगकाडीच्या गुलाएवढी कळी. एका बारीक फांदीची साल नखानं जरा खरवडली — आत हिरवंगार, ओलं! बाहेरून हे झाड दोन महिने मेल्यासारखं उभं होतं. मी रोज त्याच्याखालून जात होते आणि मला पत्ता नाही. उभ्या उभ्या अंगावर काटा आला.

७ फेब्रुवारी

मधवाल्याला फोन केला. बाबांनी त्याच्याकडूनच पेटी घेतली होती. फोन हल्ली फार खरखरतो, एक अक्षर कळेना. शेवटी यांनी घेतला. तो म्हणाला म्हणे, आवाज नसेल तर गेल्याच असतील. वीस तारखेला या बाजूला येतोय. पेटी उघडू, धुऊन साफ करू आणि घेऊन जाऊ. नवीन माश्यांना कामी येईल.

घेऊन जाऊ! किती सहज म्हणतात लोक.

८ फेब्रुवारी

किटली करपली. शिट्टीची किटली, आणि मी समोर बसलेली! हे धावत आले. रागावले नाहीत, गॅस बंद केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा गेल्यापासून तुझं लक्षच नसतं गं." खरं आहे. काल लेकीचाही फोनवर तोच सूर. "आई, मी प्रश्न विचारला आणि तू नुसतं हो हो काय म्हणतेस?" टीव्ही लावला की हे विचारतात, शेजाऱ्यांसाठी लावलायस का!

दुःखाचं असंच असतं बहुतेक. जग जरा लांब जातं.

११ फेब्रुवारी

पेटीच्या दारासमोर मेलेल्या माश्या. मूठभर. वाळून हलक्या झालेल्या. तळहातावर घेतल्या तर वजनच नाही.

धीर सुटला. आत जाऊन पटाशी आणली आणि झाकणाच्या फटीत घातली. एकदा काय ते कळून जाऊ दे, वीस तारखेची वाट कशाला बघायची? वारा असा बोचरा होता की बोटं वळत नव्हती. तेवढ्यात वाटलं, आणि एखादी जरी जिवंत असली तर? माझ्याच हातानं मारायची? पटाशी काढून घेतली. फटीवर मफलर गुंडाळला. बाबांचाच होता, पेटीबरोबर आलेला.

खूप रडले. लिहितानाही डोळे भरून येतायत.

१३ फेब्रुवारी

कुंपणावर पाखरू बसलं होतं. इवलंसं, छाती तांबूस. चोच उघडून, गळा फुगवून बराच वेळ बसलं. गायचं मात्र नाव नाही! यंदा पाखरं आली तीही मुकीच. काय झालंय सगळ्यांना?

पण खाली, भिंतीलगत, माती फोडून एक पिवळं फूल वर आलंय. सकाळी तिथली माती दगडासारखी असते. टाचणीसुद्धा जाणार नाही. त्यातून हे एवढंसं मऊ फूल कसं आलं? गुडघे टेकून बघत बसले. कपड्यांची माती झाली. होऊ दे.

१५ फेब्रुवारी

दुपारी चक्क ऊब. खिडक्या उघडल्या. पांढरी चादर धुऊन बाहेर घातली. तासाभरानं बघते तर चादरभर पिवळे ठिपके! शेजारी भिंत रंगवतायत, म्हटलं त्यांचेच शिंतोडे. तरातरा कुंपणापाशी गेले आणि शेजारच्या काकूंना चांगलं सुनावलं. काकूंनी रंगाचा डबाच उचलून समोर धरला. पांढरा रंग!

तोंडात मारल्यासारखं झालं. चादर पुन्हा धुतली.

१६ फेब्रुवारी

आजही ऊब. आजही ठिपके. चादर ओढून काढणार, तर एक माशी माझ्या डोळ्यांदेखत आली, चादरीवरून उडत गेली आणि ठिपका टाकून गेली!

बाबांची गंमत आता आठवली! मधमाश्या घर घाण करत नाहीत. थंडीभर, महिनोन् महिने, पोटात धरून ठेवतात आणि पहिल्या उबदार दुपारी सगळ्या बाहेर पडतात. आई दरवर्षी चादरींवरून बाबांशी भांडायची. "तुझ्या चादरी म्हणजे त्यांची खबर," असं म्हणून बाबा हसत सुटायचे. आणि मी, त्यांची लेक, रंगाचा डबा हुंगत बसले!

त्या मेलेल्या माश्याही कुणीतरी ओढून बाहेर टाकल्या असणार. जिवंत असल्याशिवाय घर कोण झाडतं?

चादर धुतली नाही. घडी करून कपाटात ठेवली. हे म्हणाले, "शी!" म्हणेनात का!

काकूंची माफी मागायला हवी. उद्या.

१९ फेब्रुवारी

आज सुट्टी. सकाळभर पेटीसमोर स्टूल टाकून बसले. आधी नुसतं एक डोकं दारातून डोकावलं आणि आत गेलं. मग दुसरी बाहेर आली. मिशा पुसल्या, पंख झटकले आणि उडाली. मग इतक्या आल्या की कुठली कुठली ते कळेना. त्यात एक परत येताना दिसली, उतरताना जरा डगमगली. मागच्या दोन्ही पायांना पिवळे गोळे! पराग! माझ्या त्या भिंतीलगतच्या फुलाचा रंग, तोच.

पराग लागतो तो पिल्लांना. म्हणजे राणी अंडी घालतेय. म्हणजे त्या काळोखात, बर्फ पडत होता तेव्हा, मी इथे रडत होते तेव्हा, आत संसार चालू होता. मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

हात जोडले गेले. कुणाला जोडले ते माहीत नाही. बाबा, आहेत हो तुमच्या माश्या! सगळ्या आहेत.

२० फेब्रुवारी

मधवाला आला. उघडायची गरजच नाही म्हणाला. दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि त्याचं तोंड खुललं. "अहो ताई, गिरणी चालू आहे आत! आवाज नाही कोण म्हणालं?" हे भिंतीला चिकटून उभे होते, तिथून म्हणाले, "मला इथवर ऐकू येतोय." मी कान लावला. डावा. मग उजवा. माश्या माझ्या नाकासमोरून ये-जा करत होत्या. काही नाही.

यांच्याकडे वळून विचारलं, "अहो, यंदा पाखरं गातात का?" यांनी भिंत सोडली. मग अगदी जवळ आले, पेटीच्या शेजारी, भीती विसरून. "महिना झाला की गं," म्हणाले. मला ते ओठांवरून कळलं.

फार भीती वाटली. यांनी माझा हात घट्ट धरला होता. दुसरा हात मी पेटीवर ठेवला, तळवा पूर्ण टेकवून, आणि बोटानं दोन टिचक्या मारल्या. लाकूड थरथरलं. कोपरापर्यंत आलं ते.

आहोत म्हणाल्या.