दक्षिणाभिमुख डिश

४ नोव्हेंबर
नेट घ्यायचंच! बायकोचं, ज्योतीचं, प्रशिक्षण सोमवारपासून – वसतिगृह-अधीक्षिकेचं, महिनाभर, रोज सकाळी ऑनलाइन. तीनदा गैरहजर की नाव कापलं. पास झाली की अमळनेरच्या वसतिगृहात नोकरी.

गावात मोबाइलला रेंज फक्त आमच्या गोठ्यात. "मग तिथेच बसू?" बाईसाहेब. म्हशीची हरकत नव्हती.

अमळनेरात फुलचंदभाऊंच्या कापडदुकानात चांगलं नेट आहे. उत्तरेला सहा किलोमीटर. त्यांच्या गच्चीवर एक अँटेना, आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, एक – भाऊ लगेच हो म्हणाले.

५ नोव्हेंबर
जळगाव. दुकानदार हितेंद्र म्हणाला, "सर, पॅनल अँटेनाचा सिग्नल चहूकडे पसरतो, थोडी वाकडी लागली तरी चालतं, पण एवढ्या लांब पोचायचा नाही. डिश पोचेल. मात्र बोटभर हलली की संपलं!"

चहूकडे पसरून कुणापर्यंतच न पोचणं – संस्कृतच्या तासाला पंचवीस वर्षं दुसरं काय केलं? दोन डिश घेतल्या.

७ नोव्हेंबर
धाब्यावर मी. तिकडे गच्चीवर भाऊंची सून चेलना. मधला फोन गोठ्यात, ज्योतीच्या कानाला. ती सिग्नलचे आकडे ओरडून वर सांगणार – शून्याच्या जितके जवळ तितकं नेट चांगलं. तासभर काहीच नाही. शेजारच्या भागाबाई खालून – "हाई काय शे, मास्तर? कढई?"

मग उलगडा – मी आणि चेलना एकदमच फिरवत होतो! ज्योती कडाडली, "एकानं हलवा, एकानं गप्प राहा. गप्प तुम्ही."

उणे अठ्ठ्याहत्तर! मी चहा मागितला.
ज्योती फोनवर – "चेलना, अजून फिरव."
"अगं, सिग्नल पडतोय!" मी वरून.
"पडू दे."

पडला, पडला – आणि चढून उणे पंचावन्न! झकास! पहिला चढ फसवा होता. मी त्यावरच चहा पिणार होतो.

१० नोव्हेंबर
पहिलाच वर्ग – नेट गायब! एक गैरहजेरी. चेलनाचा फोन : "काका, मम्मीजींनी डिश फिरवली."

मोटारसायकल काढली. चेलनाच्या सासूबाई, धनकुंवरअक्का, गच्चीवर ठाण मांडून. "घराच्या डोक्यावर दक्षिणेला तोंड? नको रे बाबा! तुम्ही संस्कृतवाले. शास्त्रात चालतं?"

मी गंभीरपणे – "दक्षिणाभिमुखं यन्त्रं मित्रगेहं यदीक्षते, न तस्य विद्यते दोषः..." मित्राच्या घराकडे पाहणाऱ्या यंत्राला दोष नाही. चौथा चरण सुचेना. डोळे मिटून घेतले. अक्कांनी हात जोडले. डिश जागेवर.

छंद शुद्ध. शास्त्र माझंच, तिथल्या तिथे केलेलं.

२१ नोव्हेंबर
त्यानंतर एकही वर्ग बुडाला नाही. ज्योती खोलीत, दार लावून. आतून तिचं हसणं ऐकू येतं. चहा मीच करतो. साखरेचा डबा सापडला.

१२ डिसेंबर
ज्योती पास! पहिली! अक्कांनी पेढे पाठवले.

१५ डिसेंबर
नेमणुकीचं पत्र आलं. भुसावळ, जळगावच्याही पलीकडे. मुक्काम तिथेच. खाली बारीक अक्षरात – 'अमळनेरऐवजी, आपल्या विनंतीनुसार.'