गाडी घरीच ठेव

वडगाव, ता. मूर्तिजापूर
शनिवार, १६ सप्टेंबर २०२३

चि. गोपाल,

तुला, रश्मीला आणि पोरांना पोटभर आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र शेजारच्या गंगूबाईच्या सीमाजवळ देतेय. ती उद्या तिवशाला सासरी परत चाललीय. तुझ्याच हातात द्यायचं, असं तिला बजावलंय.

सोयाबीन बरं आहे. यांचा गुडघा दुखतो, पण तोंडाला आराम नाही. रश्मीचं लोणचं अजून पुरवून खातोय. आईच्या गाईचं वासरू आता उड्या मारत असेल ना?

यंदा आमच्या गावात पोळा भरला नाही. कोणामुळे, ते यांनी तुला सांगितलंच असेल. आदल्या संध्याकाळी, खांदमळणीला, मी हळद-तूप घेऊन हरण्याचा खांदा चोळत होते. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणता म्हणता हात मानेवर गेला आणि गाठी लागल्या. सुपारीएवढ्या. अंग तापलेलं. लम्पीच होता. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावचे बैल तोरणाखाली एकमेकांना खेटून उभे राहणार होते. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला.

हे भडकले. "तुले कोनं सांगतलं होतं सरकार घरात आनाले?"

आता बाजार बंद, आणि एकही जनावर शिवेबाहेर न्यायचं नाही. नळावर बाया माझ्याशी बोलत नाहीत. हरण्या गोठ्यामागे एकटा बांधलाय. पुरणपोळी पुढे धरली तर त्याने हुंगलीसुद्धा नाही. आवतण देऊन भरल्या पंगतीतून कुणाला उठवावं तसं वाटलं, गोपाल. खूप रडले.

तुमचं काय ठरलंय ते मला माहीत आहे. सोमवारी पहाटे तू गाडी आणणार आणि हरण्याच्या जोडीच्या लखनला तिवशाला नेणार. हे फोनवर बोलत होते ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. "एक तं हातचा गेला. लखनले तरी वाचव बापा, तो तुमच्याच घरचा हाय." खरंच आहे ते. आईच्या गाईचा गोऱ्हा, तूच इथे आणून बांधला होतास. तुझा जीव तुटणारच.

पण यांनी तुला एक सांगितलेलं नाही, आणि मीही मघापासून सोयाबीन आणि लोणचं लिहीत बसले. आज सकाळी लखनच्या गळ्याखाली हात फिरवला, तिथे एक गाठ लागली. बोराएवढी. यांना दाखवली.

"गोमाशी डसली असन," म्हणाले. "गोपालले सांगू नको."

गोमाशी डसली की जनावर पाणी प्यायचं सोडत नाही. लखनने सोडलंय.

तुझ्या गोठ्यात दुभती जनावरं आहेत, आईची गाय आहे आणि ते वासरू. त्याला अजून लस टोचलेली नाही, रश्मीच म्हणाली होती. माशा आणि गोचीड तुझं-माझं बघत नाहीत रे. लखन वाचेल की नाही, देव जाणे. डॉक्टरांचं औषध चालू आहे, मी निंबाचा धूर करते. जे व्हायचं ते इथे होऊ दे, माझ्या डोळ्यांसमोर.

तू लहानपणापासून हट्टी. पत्र वाचूनही येशील, म्हणशील ताई उगाच घाबरते. म्हणून दुपारी डॉक्टरांकडे जाऊन तुझ्या गाडीचा नंबर सांगून आले. तो एव्हाना जनावरं अडवणाऱ्या नाक्यावर गेला असेल. नंबर मला पाठ आहे. गाडी घेतलीस तेव्हा त्या पाटीवर हळदकुंकू मीच वाहिलं होतं. यांना यातलं काही माहीत नाही. कळेल तेव्हा घरात काय होईल, याची मला भीती वाटते.

गाडी घरीच ठेव. रागावलास तरी चालेल, बोलला नाहीस तरी चालेल. भाऊबीजेला मी ताट मांडून बसेन. आलास तर एसटीने ये, गोठ्याकडे जाऊ नकोस, ओसरीवरच ओवाळीन.

तुझ्या भरल्या गोठ्यासाठी तुलाच नाक्यावर अडवणारी,
तुझी लीलाताई