मेंढरं न मोजणारं यंत्र

तीर्थस्वरूप प्रेमलाताईस,

धाकट्या वेणीमाधवचा वाकून नमस्कार (पत्रात वाकायला त्रास पडत नाही, म्हणून जरा जास्तच वाकलोय). तुझा गुडघा कसा आहे? भावजींनी ताटात वरून मीठ घेणं सोडलं का? मी तब्येतीने बरा आहे, पण डोकं चालेनासं झालंय. काय काय झालं ते सगळं लिहितो. वाचून तुला उलगडा झाला तर मलाही कळव.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेला एक पत्रक आलं. विज्ञान-तंत्रज्ञानाकडे ज्या घरांतली मुलं वळत नाहीत, ती शोधून त्यांना प्रोत्साहन द्यावं आणि दिलेल्या प्रोत्साहनाचे फोटो पाठवावेत. हेडसरांनी ते काम मला दिलं, कारण त्याच दिवशी मी कपाटाची किल्ली मागितली होती. (आमच्याकडे जो काही मागतो त्याला काम मिळतं.) कपाटात सेन्सर, दिवे, वायरी असलेली एक पेटी दोन वर्षं पडून होती. डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद असल्यामुळे, मोडली तर भरून कोण देणार या भीतीने तिला कुणी हात लावला नव्हता. मुलं मात्र शोधावी लागली नाहीत. शाळेमागच्या माळावर मेंढपाळांची वस्ती आहे. तिथल्या मुली दहावीपर्यंत येतात (आमची शाळाच तिथे संपते) आणि मग मेंढरांमागे जातात. पुढची पाळी ऋतुजाची होती. विज्ञानात वर्गात पहिली पोरगी! ती सोलापूरला अकरावी सायन्सला जाते की माळावर, एवढाच प्रश्न होता आणि तो माझ्या हाती आला होता, म्हणजे बघ.

तिच्या घरी गेलो. त्या घरात शब्द चालतो तो आजोबांचा, तात्याबांचा. त्यांच्यासमोर मी वीस मिनिटं बोललो. उपग्रह, रोबो, काही सोडलं नाही. एक करडू तेवढं मन लावून ऐकत होतं. नंतर कळलं की ते माझ्या पिशवीतलं पत्रक खात होतं. शेवटी घायकुतीला येऊन बोलून गेलो, की ऋतुजा असं यंत्र बनवेल जे वाडग्याच्या (रात्री मेंढरं कोंडतात त्या कुंपणाच्या) दारात तुमची मेंढरं मोजेल. आजी कस्तुराबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. "मोजत्यात व्हय, मास्तर? नजर लागती की! तुमी लेकरं मोजता का?" आता मी रोज सकाळी हजेरी घेऊन लोकांची लेकरंच मोजतो, म्हणून विषय बदलला. मग एखादं हरवलं तर कळतं कसं, असं विचारलं. तात्याबा म्हणाले, तोंडं वळखायची. त्यांना प्रत्येक मेंढीचं तोंड वेगळं दिसतं. मला अजून नववी 'ब'मधले दोन धनाजी वेगळे दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा आपण होऊन प्रयोगशाळेत आली (प्रोत्साहन द्यायचं राहूनच गेलं) आणि तीन आठवड्यांत तिने मेंढरं न मोजणारं यंत्र तयार केलं. म्हणजे ते मोजतं, पण आकडा कुणाला सांगत नाही. सकाळी बाहेर गेलेली आणि संध्याकाळी आत आलेली यांचा मेळ बसला की हिरवा दिवा, नाही तर लाल. आकडा दिसायला हवा असं मी म्हणालो, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने वायरी गुंडाळायला लागलो. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, यंत्राने किती मोजली? ही म्हणाली, "ते सांगत न्हाय, सर." एकाने शून्य गुण दिले, दुसऱ्याने माहितीची गोपनीयता पाळली म्हणून पैकीच्या पैकी. आम्हांला बक्षीस मिळालं का, ते मला अजून कळलेलं नाही. स्टीलचा डबा मिळाला, पण तो सगळ्यांनाच मिळाला.

खरी परीक्षा वाडग्यावर झाली. संध्याकाळी मेंढरं आत आली आणि लाल दिवा लागला. तात्याबांनी एकेक तोंड पाहिलं. सगळी हजर. यंत्र ऐकेना, तात्याबा ऐकेनात. मला वाटलं, संपलं. आता पोरगी माळावर जाते आणि पेटी कपाटात. ऋतुजा दाराकडे बघत बसून होती. मग म्हणाली, "आबा, सकाळी तुमी भायेरच हुता. आता मेंढरांमागनं आत आलासा. मशीननं तुमालाबी मेंढरू धरलं की!" तात्याबा आधी गंभीर झाले आणि मग असे हसले की वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. डोळे पुसत म्हणाले, "शिकू दे पोरीला. पर सोलापुरात ऱ्हायाची कुटं?" ताई, खरं सांगतो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्या आनंदात मी काहीतरी उत्तर दिलं.

असो. भावजींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद द्यायचे, तर तुमच्याकडे आता लहान कुणी उरलेलं नाही.

तुझा,
वेणीमाधव

ता. क. : तुझा अनिमेष जर्मनीला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच असेल ना? सहज विचारलं.

ता. क. २ : ऋतुजाचा सोलापूरच्या कॉलेजात नंबर लागलाय, वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव नाही. तात्याबांना मी दिलेलं उत्तर असं, की माझी बहीण सोलापुरात राहते आणि तिला घरात एक मुलगी हवीच होती. (दुसरं वाक्य तू कधीतरी बोललीस असं मला आठवतं. चुकतही असेन.) दोन वर्षांचाच प्रश्न आहे.

ता. क. ३ : पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र घेऊन आलेली मुलगी आणि तिचे आजोबा दारातच उभे असतील. बसा म्हटल्याशिवाय ती माणसं बसायची नाहीत. तू त्यांना आग्रहाने बोलावलंयस असं मी सांगितलंय. ताई, मला खोटं पाडू नकोस.