मेंबरसाहेबांना ताप होता

२४ मार्च १९४६, मेढा
निवडून आलो. असेंब्लीचा मेंबर. आजपासून रोजनिशी लिहायची, कुणाला दाखवायची नाही. चरित्र लिहिणाऱ्याला मात्र पुढं उपयोगी पडेल.
चावडीसमोर आभाराचं भाषण झालं. लोकांच्या डोळ्यांत पाणी. भाषण नरूनं लिहिलं होतं. नरू म्हणजे नरहर लिमये, इथल्या शाळेचा हेडमास्तर. बिगरीपासून आम्ही एका बाकावर. घरी आल्यावर बायको साळू म्हणाली, ''भाषान मास्तरांचं, गळा तुमचा. निम्मा हार त्यास्नी द्या.'' हार निम्मा होत नाही, असं तिला समजावलं.

२६ मार्च
संकल्प: पहाटे पाचला उठणं. रोज दहा इंग्रजी शब्द. दोन वर्षांत मंत्रिपद.
आठ वाजता उठलो. कालची दगदग.
तिकीट मला मिळालं ते बेचाळीसमुळं. पत्रकं नरू लिहायचा, मी वाटायचो. पकडलं मला. लिहिणारा कोण म्हणून फौजदारानं तीन दिवस मारलं. नाव सांगितलं नाही. हा डावा कान तेव्हापासून बधिर. नरू त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. भाषणं लिहून देतो.

१६ जुलै, पुणे
अधिवेशन. जागा शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ. हवा उत्तम. वेण्णेवरच्या पुलाचं भाषण खिशात होतं. हात वर केला, अध्यक्षांना दिसला नाही. शेजारचे मेंबर म्हणाले, जांभई बाहेर जाऊन द्या. उद्या नक्की.

२९ जुलै
उद्या आलाच नाही. नरूला कळवलं होतं की सभागृह हललं. त्याचं कार्ड आलं: ''कृष्णा, पेपरात तुझं नाव सापडेना. भिंग आणू का, गाढवा?'' याला पब्लिक लाइफमधलं काही कळत नाही.

१५ मार्च १९४७, मुंबई
बोललो! चार मिनिटं! एके ठिकाणी टाळ्या. मंत्री म्हणाले, नोंद घेतली आहे. पूल झाल्यातच जमा. मंत्रिपदाचंही तेच.

२३ मार्च, मेढा
नरूनं स्टँडवरच मिठी मारली. त्याच्या आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. म्हणाल्या, ''माझा थोरला असेंब्लीत बोलला.'' नरू धाकटा. तीन महिन्यांनी.

३१ जानेवारी १९४८, मेढा
काल संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना मारलं. शाळा बंद. नरू आणि मी त्याच्या ओट्यावर बसून रडलो. मग मारणारा कोण, त्याची जात काय, ते गावात कळलं. जाणारे-येणारे नरूच्या घराकडं बघायला लागले. मी जमिनीकडं बघितलं.

१ फेब्रुवारी, सकाळी १०
साताऱ्याहून बातमी: ब्राह्मणांची घरं पेटवतायत. संकल्प: चौकात उभं राहून भाषण करायचं. लोक माझं ऐकतात. नरूला लिहायला सांगतो.
आज त्याला कसं सांगणार?

दुपारी २
अंगात कसर वाटते.
नरू आला. मी म्हणालो, कलेक्टरला तार करतो, वरून हुकूम येऊ दे. तो म्हणाला, ''कृष्णा, तार नको. तू नुसता माझ्या ओट्यावर उभा राहा. बोलू नकोस. तू दिसलास की परततील.''
बरोबर होतं त्याचं. पण ताप होता. उतरला की येतो म्हणालो.
त्यानं माझ्या कपाळाला हात लावला. थोडा वेळ ठेवला. मग गेला.

संध्याकाळी ६
साडेचारला आले. दीड-दोनशे, बरेचसे बाहेरचे. घोंगडीत होतो, त्यामुळं नीट ऐकू आलं नाही.
साळूनं नरूची आई, बायको आणि लेक परसातून आणून आमच्या कणगीच्या खोलीत बसवल्या. मग स्वतः जाऊन त्यांच्या ओट्यावर उभी राहिली. ''मेंबराची बायको हाय मी. म्होरं या बघू!'' म्हणे. थबकले. कुणीतरी विचारलं, ''मेंबर कुटं हायत?'' तिला सांगता आलं नाही. मग गुंडानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. गुंडा म्हणजे निवडणुकीतला माझा उजवा हात.
नरू पुस्तकं काढत होता. हात भाजले.

२ फेब्रुवारी
ताप उतरला.
नरूच्या घराच्या भिंती शाबूत आहेत. सगळं गेलं असं म्हणता येणार नाही. मंडळी लॉरीनं सांगलीला मामांकडं निघाली. निरोप द्यायला उठलो, पण टोपी सापडेना. सापडेपर्यंत लॉरी गेली.
साळूचा दंड सुजलाय.

२० फेब्रुवारी
इन्स्पेक्टर आले. कोण कोण होतं? ताप होता, काही दिसलं नाही, असा जबाब दिला. गुंडाच्या हातात सात गावांची मतं आहेत, हा विचार मनात आला नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. बेचाळीसमध्येही मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तसं इन्स्पेक्टरना सांगितलंही.
साळू आतून म्हणाली, ''तवा मार खाऊन गप ऱ्हायला हुता.''
बायकांना राजकारण कळत नाही.

११ एप्रिल
नरूला चौथं पत्र. उत्तर नाही. शाळेची नोकरी त्यानं पोस्टानं राजीनामा पाठवून सोडली, म्हणजे त्याची पत्रं येतात. माझीच गहाळ होतात. पोस्टखात्याबद्दल असेंब्लीत प्रश्न विचारायला हवा.

१४ सप्टेंबर, पुणे
भाषण स्वतः लिहायला बसलो. तीन तासांत तीन ओळी. वाचून बघितल्या तर तिन्ही नरूच्या जुन्या.
दुपारी अध्यक्षांनी चक्क नाव पुकारलं. उभा राहिलो. ''अध्यक्ष महाराज,'' म्हणालो. पुढचं आठवेना. सगळे वळून बघत होते. एवढे लोक बघत असताना नुसतं उभं राहणं अवघड असतं. साळू कशी राहिली?
बसलो. घसा बसला होता, असं सगळ्यांना सांगितलं.

८ मे १९४९, मेढा
साळू एकटीच सांगलीला जाऊन आली. न विचारता. नरूची आई मार्चमध्ये गेली. आम्हांला कुणी कळवलं नाही.
शेवटी माझं नाव काढलं होतं का, विचारलं. साळू म्हणाली, ''काढलं हुतं. सुनंला इचारत हुत्या, किस्नाचा ताप उतरला का, म्हनून.''
म्हातारीला खरं वाटलं होतं.

२ ऑक्टोबर
पुढच्या तिकिटासाठी गुंडानंही अर्ज केलाय, असं ऐकतो. अफवा असावी.

६ नोव्हेंबर
अफवा नव्हती. पक्षाच्या ऑफिसात अध्यक्ष म्हणाले, मेंबरसाहेब, चार वर्षांत तुम्ही एकदाच बोललात. मी म्हणालो, पण चांगलं बोललो. ते म्हणाले, हो, लिहिणारा कोण होता?
या वेळी मी नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, हल्ली कुठं असतात?
संकल्प: सांगलीला जायचं. माफी मागायची. तो शिव्या देईल, गाढव म्हणेल, मग सगळं सुरळीत. तिकिटाचा विषय काढायचा नाही. काढलाच तर शेवटी.

१९ नोव्हेंबर, सांगली स्टेशन, दुपारी ३
नरू घरी नव्हता. बायकोनं दारातूनच सांगितलं, कचेरीसमोर बसतात.
कडुनिंबाखाली टेबल. लोकांचे अर्ज लिहून देतो. केस पांढरे. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, टाक अंगठ्याच्या बेचक्यात धरतो. पुढं पाच-सहा जण. मीही रांगेत उभा राहिलो. एकदम समोर जाणं बरं दिसलं नसतं. माफीची वाक्यं मनात घोकत होतो. ही तरी माझी स्वतःची होती.
माझा नंबर आला. बाकावर बसलो. नरूनं वर बघितलं. ओळखलं. मला दिसलं, ओळखलं ते. मला वाटलं, आता गाढव म्हणेल.
त्यानं कोरा कागद पुढं ओढला. टाक शाईत बुडवला. म्हणाला,
''नाव सांगा.''
मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट. त्यानं लिहून घेतलं. अक्षर अजून सुंदर आहे.
''गाव?''
''मेढा.'' तेही लिहिलं.
''काम काय आहे आपलं?''
तोंड उघडलं. ''नरू,'' एवढंच आलं. तो टाक धरून थांबला होता. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मी मेंढरं चारायच्या परवान्यासाठी आलो असतो तरी तो असाच थांबला असता.
मागं जतकडची एक म्हातारी उभी होती. ''आवं, सांगा की लवकर. माजी गाडी जाईल.''
मी म्हणालो, ''काही नाही.'' उठलो. नरूनं तो कागद घडी करून बाजूला ठेवला, दुसरा घेतला.
म्हातारी बाकावर बसली. नरूनं तिला विचारलं,
''नाव सांगा.''
त्याच आवाजात.